टिपणारे आणि टिपण ठेवणारे

'टिपणे' हे मराठीतले मोठे मजेदार क्रियापद आहे. चिमणी दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, आई पदराने डोळे टिपते, आणि ज्याच्या-त्याच्या हाती कॅमेरा आल्यापासून आपण सारेच क्षण टिपू लागलो आहोत. ह्याच कुळातला 'टिपण' हा शब्द मात्र मागे पडत चालला आहे. टिपण म्हणजे पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टीची दोन ओळींत करून ठेवलेली नोंद. पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद अलीकडे आपल्याकडे झपाट्याने पसरला. महाविद्यालयांच्या छायाचित्र-प्रदर्शनांत सूर्यास्त आणि सुरकुतलेले चेहरे ह्यांची जी जुनी मक्तेदारी होती, तिला पक्ष्यांनी चांगलाच धक्का दिला आहे. ही गोष्ट आनंदाचीच म्हटली पाहिजे. परंतु ह्या छंदात टिपणारे उदंड झाले आणि टिपण ठेवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी कसबा पेठेत राहते. तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर आमचे बिऱ्हाड आहे. तीन वर्षांपूर्वी मामाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या स्वाधीन केला. त्याला तीनशे मिलिमीटरपर्यंत पोचणारी एक साधी लेन्स आहे. पक्ष्यांचे फोटो काढायचे ठरवले आहे असे मी जाहीर केले, तेव्हा पहिला प्रश्न आला, "कसब्यात पक्षी कुठले? कावळे आणि पारवे!" दुसरा सल्ला जाणकारांचा होता : "ह्या लेन्सने काही व्हायचे नाही. सहाशेची घे, आणि भिगवणला जा."

हा सल्ला देणारे मनाने वाईट नसतात. पण सहाशे मिलिमीटरच्या मोठ्या लेन्सची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते, आणि आपल्यापैकी बहुतेकांना परीक्षेची फी भरतानाही घरी दोनदा आठवण करावी लागते. भिगवण पुण्याहून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी तिथे पसरले आहे आणि हिवाळ्यात त्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. भिगवणला जाऊ नये असे मी म्हणत नाही. ते थवे पाहून ज्याचे भान हरपत नाही त्याने छंद बदललेला बरा. परंतु शिकण्याची पहिली शाळा म्हणून भिगवण सोयीचे नाही. पहाटे निघायचे, नावाड्याच्या होडीत दाटीने बसायचे, त्याने दाखवलेला पक्षी साऱ्यांनी एकाच बाजूने टिपायचा आणि संध्याकाळी घरी येऊन साडेतीनशे फोटोंतून तीन निवडायचे. ह्यात नावाड्याचे ज्ञान पक्के होते; आपले होतेच असे नाही.

उलट आपल्या आळीतले पक्षी हे शिकाऊ माणसाचे खरे गुरू आहेत. ते माणसांना सरावलेले असतात. रानातली साळुंकी ज्या अंतरावरून उडून जाते, त्याच्या निम्म्या अंतरावर पेठेतली साळुंकी आपल्याकडे तिरक्या नजरेने पाहत चालत राहते. त्यामुळे साध्या लेन्सचेही काम भागते. दुसरे असे की, हे पक्षी रोज भेटतात. आज फोटो बिघडला तर उद्या पुन्हा काढता येतो, त्यासाठी पेट्रोल जाळावे लागत नाही. आणि तिसरे, जे मला सर्वांत मोलाचे वाटते : एकाच पक्ष्याला वर्षभर पाहिले की त्याचे ऋतू कळू लागतात.

आता हे गुरू काय काय शिकवतात ते थोडक्यात सांगते. कावळा प्रकाश शिकवतो. भर दुपारी किंवा सावलीत काढलेला कावळा म्हणजे कागदावर सांडलेली शाई. तोच सकाळच्या तिरप्या उन्हात गाठला तर त्याच्या पंखांवरची निळी-जांभळी झाक आणि मानेचा राखी रंग स्वच्छ दिसतो. पेठेतल्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना इमारती. ऊन गल्लीत उतरायलाच नऊ-साडेनऊ वाजतात. म्हणून पहाटे गच्चीवर आणि नंतर गल्लीत, असा क्रम आपोआप ठरतो.

घार एक्स्पोजर शिकवते. कॅमेऱ्याचे यंत्र समोरचे दृश्य मध्यम करड्या तोलाचे आहे असे धरून चालते. पांढऱ्याशुभ्र आकाशात घिरट्या घालणारी घार समोर आली की त्या उजेडाने ते बिचकते आणि सारे चित्र काळवंडून टाकते. घारीची नुसती आकृती उरते. तिथे यंत्राचे न ऐकता उजेड एका पायरीने वाढवावा लागतो. नदीकाठच्या गाय बगळ्यापाशी नेमके उलटे करायचे, नाहीतर त्याची पिसे जळून पांढरा ठिपका होतो. हे पुस्तकात वाचून एका मिनिटात समजते, पण अंगवळणी पडायला घारीखाली उभे राहून मान दुखावी लागते.

पाकोळ्या वेग शिकवतात. १९२३ साली वाहतुकीला खुला झाला तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून 'नवा पूल'च असलेला शिवाजी पूल आपणा सर्वांना ठाऊक आहे. पुलांच्या दगडी कमानी आणि जुन्या इमारतींच्या वळचणी ही पाकोळ्यांची आवडती जागा. पिसे आणि काड्या लाळेने चिकटवून त्या घरटी बांधतात. त्यांचे पाय इतके तोकडे की त्यांना फांदीवर बसताच येत नाही. भिंतीला लटकता येते, एवढेच. म्हणजे त्यांचा फोटो काढायचा तर उडतानाच. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावे लागते, आणि तरीही पक्ष्याच्या मागे कॅमेरा पळवून काही साधत नाही. थोडा वेळ कॅमेरा खाली ठेवून पाहिले की ध्यानात येते, त्या पुन्हा पुन्हा साधारण त्याच वळणाने येतात. मग त्या येणार तिथे आपण आधीच जाऊन थांबायचे. टिपण्याआधी पाहणे म्हणजे काय, ते मला पाकोळ्यांनी शिकवले.

आणि तांबट! त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय कसब्यातली मुलगी पुढे जाऊच शकत नाही. मराठीने पक्ष्यांना गावगाड्यातली नावे मोठ्या प्रेमाने दिली आहेत. पाने शिवून घरटे करणारा शिंपी, लाकूड टोकरणारा सुतार, पाण्याकाठी शेपटी आपटणारा धोबी, भक्ष्य काट्याला टांगणारा खाटीक, आणि कावळ्या-घारींना पिटाळून लावणारा कोतवाल. ह्या यादीत कसबा पेठेचा खास वाटा म्हणजे तांबट. चिमणीहून किंचित मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठसा, डोळ्याभोवती व गळ्याला पिवळा रंग. हिवाळ्यात तो बहुतेक मुका असतो. थंडी सरली की वड, पिंपळ, उंबर ह्यांच्या शेंड्यावर बसून 'टुक्, टुक्, टुक्' असा तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडल्यासारखा आवाज काढू लागतो. हे ठोके मिनिटाला एकशेआठ ते एकशेवीसच्या घरात पडतात, आणि एकदा सुरू झाला की तो सहज शे-दोनशे ठोके मारून मगच थांबतो.

तांबट आळीत हे नाव फुकट गेलेले नाही. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांचे हे घर. हंडे, घंगाळी, बंब ह्यांच्यावर हातोडीने ठोके देत चकाकी आणि मजबुती आणण्याच्या त्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. आता कारखाने थोडे उरले आहेत, पण ठोके अजून ऐकू येतात. फाल्गुन-चैत्रात पिंपळावरचा तांबट आणि खालचे तांबट एकाच वेळी कामाला लागले की नवख्या माणसाची फसगत ठरलेली. त्यात हा पक्षी ओरडताना डोके इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून येतो, कधी उजवीकडून. आळीतल्या एका काकांना मी म्हटले, "काका, तुमच्या हातोडीने माझा पक्षी सापडत नाही." ते हात न थांबवता म्हणाले, "पोरी, नीट ऐक. आमचा ठोका भांड्याप्रमाणे बदलतो. पत्रा पातळ झाला की हात हलका होतो. त्याचा ठोका आपला एकच. जो बदलत नाही तो तुझा पक्षी." पक्षिनिरीक्षणाचा इतका नेमका धडा मला कोणत्याही पुस्तकात मिळालेला नाही. पुढे जवळून पाहिल्यावर समजले की ओरडताना ह्या पक्ष्याची चोच मिटलेलीच असते. फक्त गळ्याची कातडी फुगते आणि हलते. हे डोळ्यांना चटकन दिसत नाही, पण छायाचित्रात पकडता येते. छायाचित्राचा खरा उपयोग इथे आहे.

पेठेत कॅमेरा चालवण्याची एक आणखी अट आहे, ती म्हणजे माणसे. इथे पक्ष्याच्या मागे आकाश क्वचितच असते. बहुधा कोणाची तरी गॅलरी, वाळत घातलेले कपडे किंवा देवघराची खिडकी असते. "काय गं, कोणावर रोखला आहेस तो कॅमेरा?" असे समोरच्या काकूंनी विचारले तर त्यांचे चुकत नाही. मी उत्तर देते, "काकू, तुमच्या गॅलरीतल्या चिमणीवर," आणि काढलेला फोटो लगेच दाखवते. त्यातून ओळख वाढते. पूर्वी आमच्या माजघरात तसबिरीच्या मागे चिमणीचे घरटे असे, आम्ही पंखा लावायचे टाळायचो, आता पारव्यांसाठी जाळी बसवली आणि चिमण्याही बाहेर राहिल्या, अशी माहिती मला काकूंनीच दिली. ती मी वहीत लिहून ठेवली आहे. माझ्या त्या फोटोपेक्षा ही ओळ जास्त मोलाची आहे असे मला वाटते.

इथूनच मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते.

कॅमेरा हाती येण्यापूर्वी पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीने होत असे. डॉ. सालिम अली ह्यांची पक्ष्यांशी ओळखच मुळी लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे झाली. तिची जात कोणती हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथे त्यांना कप्प्यांत ठेवलेली पक्ष्यांची कातडी पाहायला मिळाली. अशा प्रत्येक कातड्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते : कुठे मिळाला, कोणत्या दिवशी, कोणी आणला. ही चिठ्ठी हरवली तर कातडे कितीही सुंदर असो, अभ्यासकाला त्याचा उपयोग नाही. पुढे कॅमेरा आला आणि बंदूक मागे पडली. बंदूक गेली हे उत्तमच झाले. दुःख एवढेच की बंदुकीबरोबर चिठ्ठीही गेली.

कोणी म्हणेल, हल्लीचे कॅमेरे तारीख-वेळ आपोआप नोंदवतात. खरे आहे. पण जागा बहुतेक कॅमेरे नोंदवत नाहीत, आणि फोनवरून फोटो पुढे धाडला की तारखेची ती नोंदही बहुधा गळून पडते. शिवाय पक्षी एकटा होता की थव्यात, काय खात होता, कोणत्या झाडावर होता हे कोणतेही यंत्र लिहीत नाही. ते आपणच लिहायचे असते.

चिठ्ठीचे महत्त्व सांगणारे एक उदाहरण पुण्याचेच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गंगाराम तांबट नावाचा चित्रकार पुण्यात होऊन गेला. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट ह्याच्यासाठी त्याने चित्रे काढली. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे त्याने काढलेले चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्या चित्रासोबत स्थळ आहे पुणे, आणि काळ आहे नोव्हेंबर १७९०. त्या दोन गोष्टी नसत्या तर ते एका गेंड्याचे बरे चित्र ठरले असते. त्या आहेत म्हणून ते पुण्याच्या इतिहासाचा कागद झाले. तांबट आडनावाच्या त्या माणसापाशी कॅमेरा नव्हता, पण त्याचे चित्र टिपणासह टिकले.

माझ्या ह्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. छायाचित्रण ही कला आहे, तिला शास्त्राच्या दावणीला कशाला बांधता? आक्षेप वजनदार आहे. परंतु आपण कला शाखेचे विद्यार्थी आहोत, आणि इतिहासाच्या तासाला आपण काय शिकतो? राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून जुने कागद जमवले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, आणि त्या कागदांवरची मिती लावण्यात अभ्यासकांची आयुष्ये गेली. पत्राची भाषा कितीही डौलदार असली तरी मिती लागत नाही तोवर त्याच्यावर इतिहास उभा करता येत नाही. मिती लिहिल्याने पत्राचा डौल कमी होतो असे मात्र कधी ऐकले नाही. छायाचित्राचेही तसेच आहे.

दुसरा आक्षेप असा की, सामान्य पक्ष्यांच्या नोंदी करून उपयोग काय? कावळा-चिमणी तर सर्वत्र आहेत. ह्याला उत्तर म्हणून मी गिधाडांकडे बोट दाखवते. एके काळी गिधाड इतके सर्रास होते की त्याच्यावर फिल्म वाया घालवावी असे क्वचितच कोणाला वाटे. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक एवढीच उरली. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याला कारण ठरले, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. 'सर्वत्र आहे' हे विशेषण कायमचे नसते, हा त्यातला बोध.

चिमणीचेच पाहा. देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल निघाला. त्यात असे दिसले की एकंदर देशात चिमणी गेली पंचवीस वर्षे बरीचशी टिकून आहे, पण मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद ह्या सहा महानगरांत ती घटते आहे. ह्या यादीत पुणे नाही. पुण्याच्या पेठांतल्या चिमणीचे काय, हा प्रश्न आपल्यासाठी मोकळा आहे. त्याचे उत्तर दिल्लीहून कोणी येऊन देणार नाही. २०२३ साली त्या अहवालाची दुसरी आवृत्ती आली. तिच्यामागे सुमारे तीस हजार लोकांनी केलेल्या तीन कोटी नोंदी आहेत. ह्या लोकांत विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त माणसे, सर्व प्रकारचे हौशी आहेत. म्हणजे छंद म्हणून ठेवलेल्या टिपणांतून देशाचे पक्षिजीवन वाचता येते, हे सिद्ध झालेले आहे.

कसब्यात तर ह्या कामाला घाई आहे. वाडे पडत आहेत. त्यांच्या जागी गुळगुळीत भिंतींच्या इमारती उभ्या राहत आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात पेठेखालून मेट्रो धावू लागली. माझा ह्या बदलाला विरोध आहे असे कृपया समजू नये. गळक्या कौलांखाली आणि सामाईक संडासाच्या रांगेत आयुष्य काढणाऱ्यांना चांगली घरे मिळालीच पाहिजेत. वाड्याचे कौतुक बहुधा वाड्याबाहेर राहणारेच जास्त करतात. पण वाड्याच्या भिंतीतली भोके, तुळयांमागच्या सांदी, वळचणी ही चिमण्यांची आणि पाकोळ्यांची घरे होती. ती केव्हा गेली, कुठे होती, पक्षी त्यानंतर कुठे गेले, ह्याची नोंद आज कोणी केली नाही तर दहा वर्षांनी ती कोणालाच करता येणार नाही. नवी इमारत बांधताना दोन विटांची सांद मोकळी सोडा, असे बांधकाम करणाऱ्याला सांगायचे असेल तर हातात पुरावा हवा. चिठ्ठी लावलेले छायाचित्र हा तो पुरावा आहे.

आता ह्या छंदाच्या एका कडू बाजूबद्दल बोलते. गेल्या वर्षी काही हौशी मंडळींबरोबर मी शहराबाहेरच्या एका दरीत गेले होते. तिथे बुलबुलाचे घरटे होते. आत पिल्ले होती. उजेड नीट पडावा म्हणून आमच्यातल्या एकाने घरट्यापुढच्या डहाळ्या कात्रीने छाटल्या. मी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळाले, "ताई, पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटांत फोटो झाला हे खरे. पण डहाळ्या पाच मिनिटांत परत येत नाहीत. त्या पिल्लांवरची सावली गेली, आणि कावळ्यापासूनचा आडोसाही गेला. तो फोटो पुढे एका स्पर्धेत झळकला. त्याचे शीर्षक होते 'वात्सल्य'.

न्यायाने सांगायचे तर पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सुरुवातच घरट्यापासून झाली. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन ह्या भावांनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये घरट्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून ते त्यात लपत. पण त्या काळी कॅमेरे अवजड, काचा मंद. पक्षी एका जागी हमखास यायचा तो घरट्यावरच. ती त्यांची अडचण होती. आज सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात उडती पाकोळी धरता येते. अडचण संपली तरी सवय का टिकावी? कायदाही ह्या बाबतीत संदिग्ध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' ह्या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी ह्यांना उपद्रव देणे येते. म्हणजे त्या अर्थाने कात्री हेदेखील शिकारीचे हत्यार ठरते. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणे हाही असाच प्रकार. बिचारा नर आपल्या हद्दीत कोणी घुसला असे समजून खाणे टाकून भांडायला येतो, आणि आपण म्हणतो, किती छान पोझ दिली!

एक प्रामाणिक अडचण मात्र मला मान्य आहे. जागेची नोंद जाहीर केली तर तिथे गर्दी होते. दुर्मिळ पक्षी, घुबडे आणि घरटी ह्यांच्या बाबतीत हा धोका खरा आहे. तिथे नोंद आपल्या वहीत ठेवावी, जाणत्या माणसाला दाखवावी, पण चारचौघांत जागा सांगू नये. नोंद करणे आणि डांगोरा पिटणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून आपल्या महाविद्यालयापुरत्या काही सूचना करते. पहिली, पुढच्या स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात पक्ष्याच्या प्रत्येक छायाचित्राखाली चिठ्ठी असावी : पक्ष्याचे मराठी नाव, तारीख, वेळ, ठिकाण, आणि पक्षी काय करत होता त्याची एक ओळ. नाव अडले तर मारुती चितमपल्ली ह्यांचा 'पक्षीकोश' पाहता येईल. दुसरी, घरटी, अंडी आणि घरट्यातली पिल्ले ह्यांची छायाचित्रे स्वीकारूच नयेत. तिसरी, एक स्वतंत्र पारितोषिक असे ठेवावे की जे आपल्या आळीतले किंवा गावातले पक्षी वर्षभर पाहून नोंदींसह बारा छायाचित्रे देणाऱ्याला मिळेल, महिन्याला एक. त्यात भारी लेन्सवाला आणि माझ्यासारखी उसन्या कॅमेऱ्याची मालकीण, दोघेही एका रेषेवर येतील; कारण लेन्स विकत घेता येते, बारा महिने विकत घेता येत नाहीत. चौथी, दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते आणि आपल्या देशातली अनेक महाविद्यालये आपापल्या आवारातले पक्षी मोजून तीत भाग घेतात. आपणही घ्यावा. तिला कॅमेरा नसला तरी चालतो.

ह्या सूचनांना खर्च जवळजवळ नाही. ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी लागेल, आणि तीत लिहायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. खेड्यांतून येणाऱ्या मित्रमैत्रिणींनी तर तीत अवश्य लिहावे; आम्हा पेठेतल्यांपेक्षा त्यांच्या परसात दसपट पक्षी येतात. पहिल्या वर्षी वहीत बहुधा कावळे, पारवे आणि साळुंक्याच भरतील, आणि कोणीतरी हसेलही. हसू द्यावे. पुढे ज्या वर्षी एखादे नाव त्या वहीत दिसेनासे होईल, त्या वर्षी हसणाराही तारखा चाळायला ग्रंथालयातच येईल.

— तृतीय वर्ष, कला